टू-स्ट्रोक गरम झाली की पिकअप जातो, काय असंल?

वडिलांची जुनी १०० सीसी टू-स्ट्रोक आहे. सकाळी इंजिन थंड असताना मस्त चालते पण नागपुरात महालातून निघून वर्धा रोडला लागलो की अर्ध्या रेसच्या वर ओढतच नाही, आणि सिग्नलला रेस सोडली तरी इंजिन बोंबलतच राहते, लवकर खाली येत नाही. प्लग नवीन टाकला, कार्बोरेटर साफ केला, काही फरक नाही.

› प्लग काढून रंग सांग ना भाऊ आधी. काळा ओला की पांढरा?

› पांढरट आहे, कोरडा.

› मग पेट्रोल कमी अन् हवा जास्त, म्हणजे हवा ओढून राह्यली कुठूनतरी. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर पाह्य, बाहेरून चांगलं दिसते पण वाकवलं की बारीक भेगा दिसतात. गाडी स्लोवर (रेस न देता चालू) ठेवून तिथं थोडा कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मार, पण गरम सायलेन्सरपासून दूर. आवाज बदलला म्हणजे लीक तिथंच. तिथं नसंल तर मॅग्नेटकडचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचं रबरी सील. क्लचकडचं गेलं असतं तर गिअर ऑइल कमी झालं असतं अन् धूर पांढरा सोडला असता, तुह्या गाडीत तसं काही दिसत नाही. तोवर जोरात पळवू नको बे, पिस्टन जाम होईल.

› टाकीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवत असशील तर लिटरला २० एमएल टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकतो की नाही तेही बघ. ऑइल पंपवाली असंल तर त्याचा पाईप तपास.

› रबरच निघालं राजेहो, खालून चिरलं होतं. आता स्लो सेटिंग कोण चांगली करते बर्डीत?