जप चालू आहे, मग गोळ्या कशाला?

रामबागेतली सून, इंदूर:
सासूबाईंना रात्री दोनलाच जाग येते, मग माळ ओढत बसतात. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्यात. आठवड्यात गुण नाही, म्हणून बंद करायच्या म्हणतात. "दत्तगुरू आहेत की!" काय सांगू?

उत्तर:
ताई, या गोळ्यांना साधारण २ ते ४ आठवडे लागतात. परस्पर बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येऊ शकते. जप चालू द्या, त्यानं श्वास संथ होतो.

उत्तर:
भजनी मंडळात न्या. माझ्या आईला देवापेक्षा टाळवाल्या मैत्रिणींनी जास्त सावरलं (देव रागावणार नाही). "तुमची भक्तीच कमी पडली" म्हणणाऱ्यांना मात्र दारातूनच वाटेला लावा.

उत्तर:
टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

रामबागेतली सून:
आता विचारतायत, गुरुवारच्या उपासाला गोळी चालते का!