मदत हवी आहे: लेझर मशीनचा धूर बाहेर काढायचाय, पण वर अभ्यासिका आहे

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. अर्धवट माहिती दिली की उत्तरं पण अर्धवट मिळतात.

लातूरला ट्यूशन एरियात माझं ट्रॉफी, नेमप्लेट, किचेनचं दुकान आहे. गाळा १० बाय १५, उंची १० फूट, मागं एक खिडकी आणि खिडकीबाहेर चार फुटी बोळ. दिवाळीत ६० वॉटचं सीओटू लेझर (कापायचं, कोरायचं मशीन) घेतलं. काम बहुतेक अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफचं (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड). मशीनसोबत ५५० वॉटचा ब्लोअर आला, तो खिडकीखाली भिंतीला अँगल ठोकून बसवलाय. मशीन ते ब्लोअर सहा इंची फॉइलचा पाईप, साधारण ८ फूट, त्यात दोन वळणं.

धूर ओढतो, त्याबद्दल तक्रार नाही. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. आणि बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, अभ्यासिका. नीटची पोरं सकाळी ६ पासून रात्री ११ पर्यंत बसलेली असतात. निकाल लागला की याच पोरांच्या सत्काराच्या ट्रॉफ्या माझ्याकडं येतात. म्हणजे ज्यांच्या ट्रॉफ्या कापायच्या, त्यांनाच मी अभ्यास करू देईना!

अभ्यासिकेचे काका सज्जन माणूस. पहिल्यांदा खाली आले तेव्हा "काय करलालाव ओ खाली, पोरांचं डोकं गरगरालंय" म्हणाले, तेही हसत. दुसऱ्यांदा आले तेव्हा हसले नाहीत.

आतापर्यंत काय काय करून बघितलं ते सांगतो, म्हणजे तेच परत कोणी सुचवणार नाही.

आधी हॉटेलच्या किचनला लावतात तसला १२ इंची एक्झॉस्ट फॅन आणला. खोक्यावर हवेचा आकडा ब्लोअरपेक्षा मोठा होता आणि आवाज निम्मा. पाईप जोडला आणि एमडीएफ लावलं, तर पाच मिनिटांत मशीनच्या झाकणाच्या फटीतून धूर बाहेर. संध्याकाळी लेन्स काढून बघितली तर तिच्यावर चहाच्या सायीसारखा तपकिरी थर. कान कोरायच्या काडीनं आणि स्पिरिटनं पुसता पुसता अर्धा तास गेला. फॅन सध्या माळ्यावर आहे.

मग ब्लोअरला घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर लावला. हसू नका. मोटर घुंईई करायला लागली, रेग्युलेटर हाताला चटका बसेल इतका तापला. काढून टाकला.

एकानं सल्ला दिला की धूर पाण्याच्या ड्रममधून सोड, वास पण जाईल आणि आवाज पण. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय हो. लातूरकराला रोज ड्रम बदलायला सांगू नका.

आता माझ्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, ऑनलाइन मिळतो तो सहा इंची इनलाइन डक्ट फॅन, पाईपच्या मधेच बसणारा. दुसरा, हाच ब्लोअर गच्चीवर नेऊन तिथपर्यंत पाईप घ्यायचा, म्हणजे ३० फुटांच्या आसपास. गच्ची दुसऱ्या मजल्यावर आहे, मालक नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. इनलाइन फॅन एमडीएफच्या धुराला पुरतो का? ३० फुटांवर ओढ मरते का? आणि कार्बन फिल्टरचा डबा लावून हवा आतच सोडली तर? एसी लावलाय, मे महिन्यात ४२ पारा असतो, थंड हवा बाहेर फेकायला जीवावर येतं.

प्रतिसाद १ (वाळूज, डक्टिंगचं काम करतो)

भाऊ, किचनचा फॅन का हरला ते आधी. तसला पंखा मोकळ्या हवेत भरपूर हवा हलवतो, पण पुढं पाईप, वळण, मशीनची अरुंद फट असं काही आलं की त्याला दाबच धरता येत नाही. खोक्यावरचा आकडा समोर काहीच नसतानाचा असतो. पाईपमधून ओढायचं तर ब्लोअर किंवा मिक्स्ड-फ्लो (दाब धरणारा) इनलाइन पाहिजे. इनलाइनचा आकडा पण मोकळ्या हवेतलाच असतो, तेव्हा त्यातला निम्मा धरून चाला.

तुमचा ब्लोअर २८०० आरपीएमचा (मिनिटाला तेवढे फेरे) असणार, ओरडतो तो त्यानं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चौथाई राहतो, पण आवाज ढोबळमानानं १५ डेसिबलनं उतरतो. म्हणून कमी वेगाचा आणि मोठ्या चाकाचा ब्लोअर घ्या, १४४० ची मोटर. एमआयडीसीत कुठलाही ब्लोअरवाला करून देतो. रेग्युलेटरच्या भानगडीत परत पडू नका. तो छताच्या पंख्यासाठी असतो, साडेपाचशे वॉटसाठी नाही.

फॉइलच्या पाईपला आत वळ्या असतात. त्या हवा अडवतात, शिट्टी मारतात आणि चिकटा धरतात. मशीनजवळ दोन फूट लवचीक ठेवा, पुढं सहा इंची गुळगुळीत जीआयचा (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) पाईप. चार इंची कोणी सुचवलं तर ऐकू नका. सहा इंचीचं तोंड २८ चौरस इंच, चार इंचीचं साडेबारा. ९० चं एक वळण देण्यापेक्षा ४५ ची दोन द्या. असं केलं तर ३० फूट काही फार नाही.

ब्लोअर पाईपच्या बाहेरच्या टोकाला ठेवायचा, हे महत्त्वाचं. मग आतला सगळा पाईप ओढीखाली राहतो. सांध्यातून गळालंच तर खोलीतली हवा आत जाईल, धूर बाहेर येणार नाही.

एक विचारतो. ब्लोअर चालू असताना दुकानाचं काचेचं दार उघडायला जोर लागतो का? आणि वर अभ्यासिकेत जाऊन भिंतीला हात लावून बघितलाय का?

प्रतिसाद २ (नांदेड)

माझा पण हाच धंदा. कार्बन फिल्टरचा नाद एमडीएफला करू नका. एमडीएफचा धूर डांबरासारखा चिकट, पुढची जाळी आणि हेपा (बारीक कण धरणारा फिल्टर) आठवडाभरात चोंदतात, मग कार्बनपर्यंत हवाच पोचत नाही. अ‍ॅक्रिलिकचा वास कार्बन धरतो, पण भरला की सोडतो. दुकानात गिऱ्हाईक बसतं, एमडीएफच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. बाहेरच सोडा.

आणि रेक्झिन, फ्लेक्स, पीव्हीसी शीट कोणी कापायला आणली तर सरळ परत पाठवा. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, ओलाव्याला लागला की आम्ल होतं. छातीला तर वाईटच, पण मशीनच्या रेलला पण गंज येतो. माझ्या शेजारच्यानं डायरीचं रेक्झिन कापून स्वतःचं मशीन सहा महिन्यांत म्हातारं केलं. कितीही भारी ब्लोअर लावा, यावर इलाज नाही.

धागाकर्ता

वाळूजवाल्या भाऊंना साष्टांग. दाराला जोर लागतो! महिनाभर मी क्लोजरला तेल देतोय.

आणि वर जाऊन आलो. काकांच्या परवानगीनं भिंतीला तळहात लावला, तर मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं बारीक थरथरत होतं. खिडकीतून आवाज येतच नव्हता म्हणा ना, भिंतच बोलत होती.

प्रतिसाद १ (वाळूज)

तेच वाटलं होतं. आता हिशोब करा. गाळा १५०० घनफूट. ब्लोअर ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) जरी ओढत असेल तरी पावणेचार मिनिटांत अख्ख्या गाळ्याची हवा बाहेर. तेवढीच आत यायला वाट नसेल तर ब्लोअर उपाशी राहतो आणि जास्त ओरडतो. तुमचा एसी बोळ थंड करतोय. मशीनभोवती प्लायचं पार्टिशन घाला आणि त्यात बाहेरून हवा यायला जाळीची झडप द्या. मग एसीची हवा गिऱ्हाइकापुरती राहील. झडप बोळात धुराच्या तोंडाजवळ ठेवू नका, नाहीतर सोडलेलं परत आत.

गच्चीवर नेलात तरी ब्लोअरखाली रबर पाहिजेच, नाहीतर भिंतीऐवजी स्लॅब बोलेल. वर पावसाची टोपी पाईपच्या तोंडाला चिकटवून लावू नका, सहा इंच मोकळं सोडा.

धागाकर्ता

चार दिवसांनी लिहितोय. पार्टिशनचं सुताराला सांगितलंय. तोवर ब्लोअर भिंतीवरून उतरवला, मोटरसायकलच्या जुन्या टायरचे चार तुकडे कापून जमिनीवर लाकडी पाटावर ठेवला. पाईप आणि ब्लोअरच्या मधे कॅनव्हासची बाही शिवून घेतली. मोबाईलच्या अ‍ॅपवर दुकानात पूर्वी ७८ डेसिबल दाखवायचा, आता ७५. पण वर भिंत गप्प आहे. काकांनी विचारलं, "मशीन विकलं का?"

उदबत्ती धरून पण बघितलं. झाकणाच्या पुढच्या फटीला धूर नीट आत वळतो, डाव्या कोपऱ्यात मात्र रेंगाळतो. खालची जाळी उचलली तर एमडीएफच्या चिपट्यांचा ढीग बरोबर एक्झॉस्टच्या तोंडाशी. दिवाळीपासूनचा. आता दर शनिवारी झाडतो. आणि काम संपल्यावर झाकण लगेच न उघडता दोन मिनिटं ब्लोअर चालू ठेवतो, वास बराच कमी झालाय.

१४४० चा ब्लोअर करायला टाकतोय. कारागीर विचारतोय की पत्रा १८ गेजचा (जाड) घालू की २० (पातळ)? आणि चाकाला पुढं वाकलेल्या पाती की मागं? चिकटा कुठल्यात कमी बसतो, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (वाळूज)

१८. पाती मागं वाकलेल्या, पुढच्यात चिकटा बसतो आणि चाक हलायला लागतं. आणि केसिंगला हात जाईल एवढं झाकण करून घ्या, नटबोल्टचं नको, विंगनटचं. दर महिन्याला उघडावं लागणार आहे.