मदत हवी आहे: फुगलेली बॅटरी आणि डबाभर जुने सेल कुठे द्यायचे? (पुणे, कोथरूड)

माळा आवरताना श्रीखंडाचा जुना डबा सापडला. आत रिमोटचे, घड्याळाचे सेल, काही तर पांढरी पूड सुटलेले. सोबत दोन मेलेले चार्जर, एक मिक्सर आणि जुना मोबाइल. त्याची बॅटरी इतकी फुगलीय की मागचं झाकणच बसत नाही.

भंगारवाले काका मिक्सर लगेच न्यायला तयार, आत तांबं असतं ना! सेलकडे मात्र बघतही नाहीत. घंटागाडीत सुका कचरा म्हणून टाकायला मन होत नाही. लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. सध्या ती वाळू भरलेल्या कुंडीत, बाल्कनीत सावलीला ठेवलीय. सासूबाई रोज विचारतात, "यात काय पेरलंयस गं?"

२०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. पण दुकानात विचारलं तर "मॅडम, आमच्याकडे नाही घेत."

कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी स्वतः नेऊन दिलंय का? फुगलेली बॅटरी घेतात का, की फक्त साधे सेल? आणि मोबाइल चालूच होत नाही, मग त्यातला डेटा कसा पुसायचा?