काटा पावतीचं पान तीन संगणकांवर तीन तऱ्हेचं दिसतं: ब्राउझरचा मोड कसा ओळखायचा?

काटाघर_दारव्हा
नमस्कार मंडळी. शेतकरी कंपनीच्या कापूस खरेदीची पावती काढायचं पान आहे. पीएचपी या भाषेत लिहिलंय, ऑफिसातल्याच एका मशीनवर झॅम्प (संगणकालाच वेब सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून चालतं. पण जागोजागी वेगळं दिसून राहिलं.

काट्यावर विंडोज ७ आणि क्रोम १०९ आहे. तिथे टेबलाच्या आतल्या रेषा नाहीत आणि निव्वळ वजनाची ओळ ठळक येत नाही.
हिशेबाच्या मशीनवर विंडोज १० आणि एज. तिथे भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ हे डबे शेजारी यायच्या ऐवजी एकाखाली एक पडतात आणि 'छापा' बटण दाबलं तर काहीच होत नाही. पत्त्यात मशीनचं नाव 'काटा' न टाकता १९२.१६८.१.१० टाकलं की मांडणी सुधारते, बटण मात्र तसंच.
तिसऱ्या मशीनवर विंडोज ११, नवं क्रोम. सगळं बरोबर, फक्त नेट गेलं की पावतीचं शेवटचं वाक्य दुसऱ्या कागदावर जातं.

सुरुवात कुठून करू? सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारे नियम) बदलू का?

वेबमिस्त्री_अमरावती
भाऊ, सीएसएसला आत्ता हात लावू नका. नाव टाकलं तर एक आणि आयपी, म्हणजे आकड्यांचा पत्ता, टाकला तर दुसरं, यातच अर्धं उत्तर आहे. हिशेबाच्या मशीनवर पान एजच्या आयई मोडमध्ये, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या (आयई) पद्धतीने उघडतंय. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचं 'ई' चिन्ह आहे का बघा.

आयई मोडमध्ये जुनंच इंजिन चालतं. ज्या नावात टिंब नाही तो पत्ता ते इंट्रानेटचा, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा समजतं, आणि इंट्रानेटची पानं मुळातच कॉम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये, म्हणजे आयई ७ सारखी दाखवतं. आयपीत टिंबं असतात, म्हणून तेच पान आयई ११ सारखं दिसतं. फ्लेक्सबॉक्स, म्हणजे डबे शेजारी मांडायची सीएसएसची पद्धत, आयई ११ ला कळतं, आयई ७ ला नाही. म्हणून डबे एकाखाली एक.

बटणाचं कारण वेगळं. स्क्रिप्टमध्ये कुठेतरी अ‍ॅरो फंक्शन असणार. ही नव्या जावास्क्रिप्टची लिहिण्याची पद्धत आयई ११ लाही वाचता येत नाही, आणि त्या एका ओळीपायी अख्खी फाइल चालायची थांबते. म्हणून दोन्ही पत्त्यांवर बटण बंद.

अंदाजावर राहू नका, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापून घ्या: डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड, डॉक्युमेंट.डॉक्युमेंटमोड आणि रुंदी. रुंदी विंडो.इनरविड्थने काढू नका, आयई ७ मोडमध्ये ते नसतं, डॉक्युमेंटएलिमेंट.क्लायंटविड्थ घ्या. ही स्क्रिप्ट वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, जुन्या पद्धतीच्या व्हार आणि फंक्शनने लिहा, नाहीतर तीही अडकेल. म्हणजे काट्यावरचा माणूस फोनवर ती ओळ वाचून दाखवू शकतो. 'सीएसएस१कॉम्पॅट' आलं तर ठीक. 'बॅककॉम्पॅट' आलं तर पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे फार जुन्या पानांसाठीच्या पद्धतीत आहे. डॉक्युमेंटमोडला ७ किंवा ११ असा आकडा आला तर आयईचं इंजिन. क्रोममध्ये तिथे 'अनडिफाइन्ड' येतं.

संत्रापट्टा_वरुड
विंडोज ७ वाल्या मशीनचं सांगतो. क्रोम १०९ ही विंडोज ७ ची शेवटची आवृत्ती, पुढचं अपडेट तिथे येणारच नाही. तुमच्या सीएसएसमध्ये टेबलाच्या नियमाच्या आत टीडीचे (टेबलातल्या खान्यांचे) नियम लिहिलेत का? हे नेस्टिंग क्रोममध्ये ११२ पासून आलं. १०९ बाहेरचे नियम लावतं आणि आतला कंस टाकून देतं. शिवाय आतल्या कंसानंतर लगेच जी ओळ असते तीही पुढच्या अर्धविरामापर्यंत गिळली जाते. म्हणून काही नियम लागतात, काही नाही, आणि चूक सापडत नाही.

सगळे नियम सुटे करा: टेबल वेगळं, टेबल टीडी वेगळं. आणि नव्या क्रोमच्या डेव्हलपर टूलमधला मोबाइलचा देखावा बघून जुन्या ब्राउझरची खात्री करू नका. तिथे आकार आणि ओळख बदलते, इंजिन नवंच राहतं. काट्यावरच्याच मशीनवर उघडून पाहा.

काटाघर_दारव्हा
तळाची ओळ टाकली. हिशेबाच्या मशीनवर नावाने ७, आयपीने ११. एजच्या सेटिंगमधल्या आयई मोडच्या यादीत दोन्ही पत्ते निघाले. डिजिटल सहीच्या एका जुन्या साइटसाठी आयई मोड चालू केला होता, तेव्हाच कोणी तरी आपलं पानही टाकलं असावं. काट्यावर मात्र 'बॅककॉम्पॅट' आलं, तेही फक्त पावतीच्या पानावर!

वेबमिस्त्री_अमरावती
सेटिंग्ज, डीफॉल्ट ब्राउझर, तिथल्या इंटरनेट एक्सप्लोरर मोडच्या यादीतून तुमचे दोन्ही पत्ते काढा. सहीची साइट राहू द्या. हाताने टाकलेली नोंद ३० दिवसांनी आपोआप जाते, म्हणून सहीची साइट महिन्याने चालेना झाली तर आधी यादीच बघा. एजच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा.

'बॅककॉम्पॅट'साठी पान उघडून कंट्रोल यू दाबा, पानाचा मूळ कोड दिसेल. डॉकटाइपच्या (कोडच्या सुरुवातीला पानाचा प्रकार सांगणाऱ्या ओळीच्या) आधी एखादं अक्षर किंवा पीएचपीची सूचना छापली गेली आहे का बघा. एवढ्यावरूनही ब्राउझर क्वर्क्समध्ये जातो, आणि मग टेबल बाहेरच्या बॉडीचा अक्षरांचा आकार घेत नाही. सूचना फक्त त्या मशीनवर येत असेल तर तिथून येणारी एखादी नोंद रिकामी असणार.

संत्रापट्टा_वरुड
नेट गेल्यावर पावती लांबते ते फॉन्टमुळे. फॉन्ट बाहेरच्या दुव्यावरून येत असेल तर नेट नसताना विंडोज ११ निर्मला यूआय वापरतं, विंडोज ७ वर मंगल येतो. दोघांची ओळीची उंची वेगळी, म्हणून पाच-सात ओळींत फरक साचत जातो. नोटो सान्स देवनागरीची फाइल झॅम्पच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथूनच बोलवा. लाइन-हाइट १.६ द्या. १ ठेवली आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेर गेलेला भाग लपवणारा नियम) असेल तर 'किलो'ची वेलांटी वरून कापली जाते. छापायच्या आधी प्रत्येक मशीनवर कंट्रोल आणि शून्य दाबून झूम १०० वर आणा. क्रोम आणि एज प्रत्येक साइटचा झूम लक्षात ठेवतात, त्यामुळे मांडणी बिघडल्याचा भास होतो.