मदत हवी आहे : दैनंदिनीतील नवी नोंद वाचकांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून मराठीत ऑनलाइन दैनंदिनी लिहीत आहे. नवी नोंद वाचकांना ईमेलने आपोआप पाठवणारी सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून नियमित वाचकांशी असलेला संवाद जवळजवळ थांबला आहे. आरएसएसचा, म्हणजे संकेतस्थळावरील नव्या नोंदी वाचकाच्या अ‍ॅपमध्ये आपोआप दाखवणाऱ्या सोयीचा, पर्याय आहे खरा, पण माझे बरेचसे वाचक ज्येष्ठ असून त्यांचे सारे वाचन व्हॉट्सअ‍ॅपवरच चालते.

तिथे ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) २५६ जणांपुरतीच असते, शिवाय ज्यांनी माझा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो. आणि अनोळखी वाचकांना खासगी क्रमांक देणे मला प्रशस्त वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्याच चॅनेलवर क्रमांक झाकलेला राहतो, मात्र वाचकांना नोंदीवर अंगठ्यासारखी खूण करता येते, सविस्तर उत्तर लिहिता येत नाही. माझी खरी अडचण हीच आहे. फणसपोळीवरील एका नोंदीखाली एका आजींनी ताटाला तुपाचा हात कधी लावायचा, पोळी कोणत्या बाजूने सोडवायची हे सारे बैजवार लिहिले होते. असा मजकूर अंगठ्याच्या खुणेत कुठून येणार?

खासगी क्रमांक उघड न करता नोंद पोहोचेल आणि वाचकांना मोबाइलवरून देवनागरीत सहज उत्तर लिहिता येईल, अशी विनामूल्य किंवा अल्प खर्चाची व्यवस्था कोणी वापरत असल्यास कृपया कळवावे.