रेषीय स्पेसिफिक हीट दिसली, म्हणजे स्पिन लिक्विड सापडलं का?

अर्धाकेल्विन (मूळ धागा)
त्रिकोणी जाळीत शेजारच्या प्रत्येक स्पिनला, म्हणजे अणूवरच्या चिमुकल्या चुंबकाला, दुसऱ्याच्या उलट राहायचं असतं. तिघांचं एकदम जमत नाही, यालाच फ्रस्ट्रेशन म्हणतात. अशी जाळी निरपेक्ष शून्यालाही गोठणार नाही, स्पिन लिक्विडच राहील, हे भौतिकशास्त्रज्ञ अँडरसननं 1973 मध्ये सुचवलं. तेव्हापासून नवं संयुग आलं की आधी स्पेसिफिक हीट (तापमान एका अंशानं वाढवायला लागणारी उष्णता) मोजतात, आणि एक केल्विनच्या आसपास ती तापमानाच्या सम प्रमाणात उतरली की स्पिनॉन, म्हणजे स्पिन लिक्विडमधले फिरते कण, मिळाल्याचं जाहीर होतं.

एवढ्यावर दावा करू नये, असं माझं ठाम मत आहे. साध्या काचेत चुंबकत्व नाही, तरी 1971 मध्ये झेलर आणि पोल यांना तिच्यातही जवळपास असाच रेषीय भाग मिळाला. तो रचनेतल्या विस्कळीतपणातून येतो. यिटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडमध्येही मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच जागी कसेही बसतात. त्याची स्पेसिफिक हीट भरपूर, तापमानाच्या 0.7 घातानं जाणारी. पण 2016 मध्ये उष्मावहन मोजलं तेव्हा स्पिननी उष्णता वाहून नेल्याचा मागमूस नव्हता. मॅग्नेशियमऐवजी जस्त घातलेल्या भावंडात तर 2018 मध्ये स्पिन-ग्लाससारखं, म्हणजे स्पिननी वाटेल त्या दिशांना अडकून, गोठणं दिसलं. फिरते कण असतील तर उष्णता वाहिलीच पाहिजे.

त्रिकोणी
असहमत. उष्मावहनावर एवढा विश्वास कशाच्या जोरावर? पॅलेडियमच्या डीएमआयटी क्षाराचं, त्रिकोणी जाळीच्या एका सेंद्रिय संयुगाचं, काय झालं ते आठवा. 2010 मध्ये क्योटोच्या गटाला शून्याकडे जातानाही रेषीय वहन उरलेलं दिसलं. 2019 मध्ये शेरब्रुक आणि शांघायच्या गटांना ते दिसलंच नाही. मग 2020 मध्ये जपानी गटानं दाखवलं की नमुना किती सावकाश थंड केला यावर उत्तर बदलतं. शिवाय उष्णता स्फटिकात शिरते फोनॉनमार्फत, म्हणजे जाळीच्या कंपनांमार्फत. अतिथंड अवस्थेत फोनॉन आणि स्पिन यांची देवाणघेवाण मंदावली तर स्पिनचा वाटा मोजमापात उतरणारच नाही. स्पेसिफिक हीट मात्र अडकलेले, फिरते, सगळेच मोजते.

अर्धाकेल्विन
सगळेच मोजते, हीच तर अडचण आहे. अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांमुळे येणारी शॉट्की हीटही त्यातच येते, आणि ती तापमान घटेल तशी वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढते. ती वजा केल्यावर उरलेल्या आकड्याचा घात किती, हे बरंचसं वजाबाकी कशी केली यावर ठरतं.

साखळीवाला
दोघेही द्विमितीतल्या गुंतागुंतीच्या जाळ्यांवर भांडताय, जरा एका मितीत या. कॉपर पायराझिन डायनायट्रेटमधल्या स्पिनच्या साखळीत फ्रस्ट्रेशन नाही, शेजाऱ्यांमधली जोडणी सुमारे 10.3 केल्विन. तिच्या रेषीय भागाचा आकडा सिद्धांतातून आधीच काढता येतो आणि मोजमाप त्याच्याशी जुळतं. तिथे स्पेसिफिक हीट पुरावा ठरते. उलट मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले मजुमदार आणि घोष यांनी 1969 मध्ये सोडवलेली साखळी पाहा. तिथे एक सोडून पुढच्या शेजाऱ्याची जोडणी पहिलीच्या निम्मी, म्हणजे फ्रस्ट्रेशन पुरेपूर. तरीही स्पिन जोड्या बांधतात, ऊर्जेत गॅप पडते आणि थंडीत स्पेसिफिक हीट घातांकी वेगानं कोसळते. त्रिकोणी जाळीसाठी सर्वमान्य असा आधीचा आकडा आहे कुठे? आधी मोजायचं आणि मग त्यावर सिद्धांत बसवायचा, हे मला पटत नाही.

त्रिकोणी
आकडा आधी हवा, हे मान्य. पण तो नाही म्हणून मोजमाप फेटाळणं मला मान्य नाही. एकाच स्फटिकावर दोन्ही मोजा, थंड करण्याचा वेग छापा, चुंबकीय क्षेत्र वाढवत न्या. फक्त उष्मावहन शून्य आलं म्हणून मी स्पिनॉन सोडणार नाही.