प्रतिसाद: विमानात कुत्र्याला झोपेची गोळी

कुत्र्याला विमानातून कसं न्यायचं, यावर वर दोघातिघांनी 'निघताना झोपेची गोळी द्यायची, मग गप पडून राहतंय' असं लिहिलंय. अजिबात देऊ नका. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे 'आयाटा', आणि पशुवैद्यकांच्या संघटनाही याच्या विरोधात आहेत. उडत्या विमानातली हवा साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असते तितकी विरळ, म्हणजे पन्हाळ्याच्या उंचीच्या जवळपास दुप्पट. त्यात या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो. खालच्या, सामानाच्या कप्प्यात असलेल्या कुत्र्याकडे मध्येच कुणी बघायलाही येत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर श्वासाचाच त्रास, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांना खालच्या कप्प्यात घेतच नाहीत.

गोळीऐवजी आमच्या लॅब्रॅडॉरला आम्ही प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावली ती घरातच. दार काढून ठेवलं, जेवण आत, जुनी चादर आत. नंतर दार लावून गाडीतून कागलपर्यंत फेऱ्या. पिंजरा असा हवा की कुत्रं आत ताठ उभं राहील, वळेल, आडवं होईल. (दुकानदार हमखास एक माप लहान गळ्यात मारतो.)

आणि कोल्हापूरहून मुंबईलाच जायचं असेल तर विमानाचा हट्ट कशाला? महालक्ष्मी एक्सप्रेसला फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) मिळाला तर रीतसर बुकिंग करून कुत्रं तुमच्यासोबतच येतं. लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला तेवढा जवळ ठेवा.